न शिवतां फळाची पारख

फळ बाहेरून जसें दिसतें तसेंच तें आंतून निघेल, असा भरंवसा बाजारांत कोणीहि देत नाहीं. धान्य ओंजळींत घेऊन पाहतां येतें, कापडाचा पदर चुरगळून पाहतां येतो, तूप जिभेवर ठेवतां येतें. फळ मात्र कापल्याशिवाय आपलें अंतरंग दाखवीत नाहीं, आणि एकदां कापलें कीं तें विकतां येत नाहीं. म्हणून फळांच्या व्यापारांतील शेवटची परीक्षा नेहमीं गिऱ्हाइकाच्या घरीं, विळीवर होते. आणि ती होते त्या वेळीं पैसे देऊन झालेले असतात.

कोंकणांतील हापूस आंबा हें या अडचणीचें ठळक उदाहरण होय. १९३२ व १९३३ या दोन सालीं मुंबई इलाख्यांतून युरोपांत आंबे पाठविण्याचे प्रयोग झाले. त्यांचा जो अहवाल चीमा व दाणी या कृषितज्ज्ञांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत हापुसाच्या एका विचित्र दोषाची नोंद आढळते. बागाईतदार या दोषास ‘साका’ म्हणतात. साका झालेलें फळ बाहेरून अगदीं निर्दोष असतें. रंग, वास, आकार यांपैकीं कशांतहि उणें नसतें. परंतु सुरी घातली म्हणजे कोयीच्या बाजूचा गर केशरी निघण्याऐवजीं पांढुरका, स्पंजासारखा भुसभुशीत आणि आंबट निघतो. त्यांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, आणि पिकतांना ज्या पिठाची साखर व्हावयाची तें पीठ तसेंच राहिलेलें असतें. हें फळ झाडावर असतांनाच आंतून बिघडलेलें असतें. वाहतुकीचा किंवा पेटीचा त्यांत कांहीं अपराध नसतो. तरीहि पेटींत दोन आंबे असे निघाले, कीं गिऱ्हाईक दुकानदाराला नांवें ठेवतें, दुकानदार बागाईतदाराला, आणि बागाईतदार नशिबाला. वर्षभर राखलेल्या बागेची अब्रू दोन फळांपायीं जाते.

फळ न कापतां ओळखण्याचे घरगुती उपाय पुष्कळ आहेत. देठाजवळ वास घेणें, कलिंगडावर टिचकी मारून आवाज ऐकणें, अंगठ्यानें दाबून पाहणें, हे प्रकार प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतात. त्यांपैकीं वास व आवाज हे निरुपद्रवी आहेत. पण दाबून पाहणें ही एक प्रकारची इजाच आहे. एका ढिगावरून दहा गिऱ्हाइकांचे अंगठे फिरले, कीं दाबल्या जागीं गर चेंचतो आणि दोन दिवसांत तेथूनच फळ कुजूं लागतें. पारख करतांना ज्याची पारख करावयाची तेंच बिघडावें, ही कांहीं चांगली पारख नव्हे. म्हणून फळास हात न लावतां, त्याच्या आंतील स्थिति विजेच्या मोजमापानें सांगतां येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं हातीं घेतला. त्याचें उत्तर समजून घेण्यासाठीं प्रथम फळ म्हणजे विजेच्या दृष्टीनें काय आहे, हें पाहिलें पाहिजे.

आंब्याच्या गरांत शंभरांपैकीं सुमारें ऐशीं भाग पाणीच असतें. त्या पाण्यांत क्षार विरघळलेले असतात, आणि क्षारयुक्त पाण्यांतून वीज सहज वाहते. यावरून एखाद्यास वाटेल, कीं ताजें फळ काय आणि कुजलें फळ काय, दोन्हीं पाण्यानें भरलेलींच. मग विजेला त्यांतील भेद कसा कळावा? परंतु ताज्या फळांतील पाणी मोकळें नसतें. तें असंख्य सूक्ष्म पेशींमध्यें कोंडलेलें असतें. प्रत्येक पेशीच्या आंतल्या अंगास तेलासारख्या द्रव्याचा एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि हा पडदा विजेला अडवितो. जुन्या शहरांतील एखादी पेठ डोळ्यांपुढें आणावी. वाड्यांचीं दारें बंद आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस वाड्यांमधील अरुंद बोळांतूनच वाट काढावी लागत आहे. ताज्या गरांत शिरलेल्या संथ विद्युत्प्रवाहाची स्थिति अशीच असते. पेशींच्या मधील थोड्याशा ओलाव्यांतून तो कसाबसा पुढें सरकतो. फळ चेंचलें, गोठलें, कुजलें, कीं वाड्यांच्या भिंती पडतात, आंतील खारट रस बाहेर येतो, आणि सारी पेठच मोकळें मैदान बनते. मग तोच प्रवाह बिनअडथळा वाहूं लागतो. तेव्हां फळांत पाणी किती आहे हें विचारण्यापेक्षां तें कोंडलेलें आहे कीं सुटलेलें आहे, हें विजेला विचारावयाचें असतें.

हा नुसता तर्क नाहीं. अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ ऑस्टरहाउट यांनीं लॅमिनेरिया नांवाच्या तपकिरी समुद्रशैवालाच्या चकत्या एकीवर एक रचून त्यांचा विद्युत्-रोध मोजला. चकत्या जिवंत असतांना जो रोध होता तो शंभर मानला, तर त्यांस मारल्यावर तो दहांच्या आसपास येऊन थांबे. जीव जात असतां आंकडा हळूहळू उतरे. इजा थोडी असली आणि वेळींच उपाय झाला, तर तो पुन्हां वर चढे. या प्रयोगांचें त्यांचें पुस्तक १९२२ सालीं निघालें. इजा, सुधारणा व मृत्यु या तिन्ही अवस्था विजेच्या कांट्यावर वाचतां येतात, हें त्यांनीं स्पष्टपणें दाखवून दिलें.

यापुढची पायरी अधिक चमत्कारिक आहे. पेशीचा पडदा संथ प्रवाहाला अडवितो खरा. पण अति वेगानें दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला तो अडवूं शकत नाहीं. पडद्याच्या एका अंगास विद्युद्भार जमला, कीं दुसऱ्या अंगास त्याच्या उलट भार ओढला जातो. प्रवाह संथ असेल, तर भार पुरता जमतो आणि वाट बंद होते. परंतु भार पुरता जमण्यापूर्वींच प्रवाहानें दिशा बदलली, तर वाट कधीं बंद होतच नाहीं. दार न उघडतांच दारावरचा धक्का वाड्याच्या आंत पोंचत राहतो. जर्मन शास्त्रज्ञ हेबर यांनीं १९१० च्या सुमारास रक्तांतील तांबड्या पेशींवर हा परिणाम दाखविला. पुढें १९२५ सालीं ह्यूगो फ्रिक यांनीं तशाच मोजमापांवरून पेशीच्या पडद्याची जाडी काढली. ती एका मिलिमीटरच्या सुमारें तीन लक्षांव्या हिश्श्याइतकी भरली. पुढील संशोधनांत पडदा याहून कांहींसा जाड ठरला, तरी जी वस्तु त्या काळच्या कोणत्याहि सूक्ष्मदर्शकास दिसत नव्हती, ती विजेनें मोजली गेली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

घरांतील दिव्यांना पुरविली जाणारी वीज एका सेकंदांत पन्नास आंदोलनें करते. मध्यम लहरींवरील आकाशवाणी केंद्रें सेकंदास सुमारें पांच ते सोळा लक्ष आंदोलनांच्या लहरी सोडतात. पेशींच्या पडद्यांची ही लपंडावी कांहीं हजार आंदोलनांपासून कांहीं दशलक्ष आंदोलनांपर्यंतच्या पट्ट्यांत चालते. म्हणजे श्रोत्यांच्या परिचयाच्या लहरी अगदीं याच मुलखांत येतात. एकाच फळाचा रोध एकदां कमी आंदोलनांवर व एकदां अधिक आंदोलनांवर मोजला, तर ताज्या गरांत पहिला आंकडा दुसऱ्याच्या कित्येक पट येतो. तेंच फळ उकळून काढलें, कीं दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे होतात. या दोन आंकड्यांचें गुणोत्तर हेंच फळाच्या ताजेपणाचें माप होय. त्याचा मोठा गुण असा, कीं फळ लहान असो वा मोठें, गुणोत्तर फारसें बदलत नाहीं.

आतांपर्यंतचीं मोजमापें फळांत सुया खुपसून किंवा त्याच्या गरास धातूच्या पट्ट्या लावून करतां येतात. प्रयोगशाळेंत तें ठीक आहे. बाजारांत मात्र सुई टोंचलेलें फळ म्हणजे कुजण्यास वाट करून दिलेलें फळ. शिवाय सालीचा रोध गराच्या मानानें पुष्कळ असल्यानें पट्ट्या वरून लावून भागत नाहीं. म्हणून स्पर्शाशिवाय मोजण्याची युक्ति हवी.

ती युक्ति विजेच्या शास्त्रांत जुनीच आहे. समोरासमोर ठेवलेले धातूचे दोन पत्रे आणि मध्यें हवा, अशी रचना केली म्हणजे तीत विद्युद्भार सांठवितां येतो. रेडिओ दुरुस्त करणारे या रचनेस ‘कंडेन्सर’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या रेडिओची खुंटी फिरवितांना आंत अर्धवर्तुळाकार पत्रे एकमेकांत सरकत, आणि त्यांची सांठवणशक्ति बदलली म्हणजे दुसरें केंद्र लागे. १८३७ सालीं मायकेल फॅरडे यांनीं असें दाखविलें, कीं पत्र्यांच्या मध्यें हवेऐवजीं दुसरी वस्तु घातली, तर ही सांठवणशक्ति वस्तूप्रमाणें कमीअधिक पटीनें वाढते. हवेचें माप एक धरलें, तर मेणाचें सुमारें दोन येतें आणि पाण्याचें सुमारें ऐशीं. फळाच्या गराचें माप अतिशय वेगवान आंदोलनांवर पन्नास-साठांच्या घरांत भरतें.

येथें वस्तूस पत्र्यांचा स्पर्श होण्याची आवश्यकता नाहीं. जुन्या रेडिओच्या तारेजवळ हात नेला कीं तो शिटी घाली, तें याच कारणानें. रशियांतील लेव्ह टेरमेन यांनीं १९२० च्या सुमारास असें एक वाद्य तयार केलें, कीं वादकानें त्यास न शिवतां नुसते हवेंत हात हालविले तरी स्वर चढउतार करीत. आज घरोघरीं असलेल्या मोबाईल टेलिफोनची कांच बोटाची जागा ओळखते तीहि याच तत्त्वावर. बोट कांचेवर असतें, आंतील तारांना तें कधींच लागत नाहीं. मग आंब्यानें काय पाप केलें? पट्ट्यावरून एकामागून एक फळें चाललीं आहेत, पट्ट्याच्या दोहों बाजूंस दोन पत्रे उभे आहेत, आणि प्रत्येक फळ मधून जातांना यंत्र त्याची सांठवणशक्ति टिपून घेतें, अशी रचना सहज सुचते. धान्याच्या बाबतींत विजेचें मोजमाप फार पूर्वींच उपयोगांत आलें आहे. १९०८ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील लायमन ब्रिग्ज यांनीं गव्हाचा ओलावा त्याच्या विद्युत्-रोधावरून मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि आज धान्याच्या व्यापारांत वापरले जाणारे ओलावामापक बहुधा सांठवणशक्तीवरच चालतात.

धान्यांत जें साधलें तें फळांत मात्र तितक्या सहज साधत नाहीं. कोरड्या दाण्याचें माप लहान आणि पाण्याचें ऐशीं, त्यामुळें दाण्यांत थोडा ओलावा वाढला तरी आंकडा ठळकपणें बदलतो. फळ मुळांतच पाण्यानें भरलेलें. त्यांतील फरक बारीक. त्यांत मधली हवा अडथळा आणते. हा अडथळा केवढा असतो, हें एका सोप्या हिशेबानें कळून येईल. दोन पत्र्यांमध्यें बारा सेंटिमीटर अंतर आहे, फळाची जाडी आठ सेंटिमीटर आहे, आणि उरलेलें चार सेंटिमीटर अंतर हवेनें भरलेलें आहे, असें समजावें. सोयीसाठीं फळ चौकोनी वडीसारखें सपाट धरावें. विजेच्या दृष्टीनें फळाचें अंतर म्हणजे आठ भागिले साठ, म्हणजे सुमारें ०.१३, आणि हवेचें अंतर म्हणजे पुरे ४. एकूण बेरीज ४.१३. आतां फळ आंतून बिघडून त्याचें माप साठावरून पन्नासावर आलें असें मानलें, तर बेरीज ४.१६ होते, म्हणजे दीडशांत एक इतकाहि फरक पडत नाहीं. उलट फळ तसेंच चांगलें ठेवून तें अवघें एक मिलिमीटर अधिक जाड घेतलें, तर बेरीज ४.०३ वर येते. हा फरक पहिल्याच्या सुमारें साडेतीन पट आहे. सारांश, हें भोळें यंत्र साका ओळखण्याऐवजीं आंब्याची अंगलटच मोजीत बसेल, आणि लठ्ठ आंब्यास एक निकाल व सडपातळ आंब्यास दुसरा देईल.

या अडचणींतून निघण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग असा, कीं फळाची जाडी प्रकाशाच्या किरणांनीं किंवा कॅमेऱ्यानें वेगळी मोजावी, आणि मग हिशेबानें हवेचा वांटा वजा करावा. शिवाय एकाच आंदोलनावर विसंबून न राहतां अनेक आंदोलनांवर मोजमाप घ्यावें. कारण आंदोलनें बदललीं तरी हवा बदलत नाहीं, जो बदल दिसतो तो फळाचा असतो. हवेचा आणखी एक चांगला गुण येथें उपयोगी पडतो. विजेच्या आंदोलनांत फळ थोडी शक्ति उष्णतेच्या रूपानें खातें. हवा जवळजवळ कांहींच खात नाहीं. म्हणून जी शक्ति नाहींशी झाली ती फळांतच झाली, असें खात्रीनें धरतां येतें. मात्र एक पेंच उरतोच. पेशींच्या पडद्यांचा भेद कमी आंदोलनांवर उत्तम दिसतो, आणि कमी आंदोलनांवर हवेचा अडथळा फार मोठा होतो. जेथें उत्तर आहे तेथें दार बंद, आणि जेथें दार उघडें तेथें उत्तर पुसट, असा हा प्रकार आहे. मोजमाप करणाराला या दोहोंच्या मधली जागा शोधावी लागते.

दुसरा मार्ग पत्र्यांऐवजीं तारेचें वेटोळें वापरण्याचा आहे. वेटोळ्यांतून उलटसुलट प्रवाह सोडला म्हणजे त्याच्या भोंवतीं बदलतें चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें. हवा या क्षेत्रास अडवीत नाहीं, फळहि अडवीत नाहीं. परंतु फळाच्या रसांत त्यामुळें भोंवऱ्यासारखे बारीक विद्युत्प्रवाह फिरूं लागतात, आणि जवळ ठेवलेलें दुसरें वेटोळें त्यांची चाहूल घेतें. रस मोकळा असेल तर भोंवरे जोरदार, पडदे शाबूत असतील तर मंद. ही चाहूल अतिशय क्षीण असते. बाजाराच्या गलबल्यांत कानांत कुजबुजलेला शब्द ऐकावा तसें तें काम आहे. तरी उपकरणांची संवेदनशीलता वाढत गेल्यामुळें तें आतां अशक्य राहिलेलें नाहीं. तिसरा मार्ग सूक्ष्मलहरींचा. त्या फळांतून जातांना किती क्षीण झाल्या व किती मागें पडल्या, तें मोजतां येतें. परंतु त्यांचीं आंदोलनें इतकीं वेगवान असतात, कीं त्यांच्या दृष्टीला पेशींचे पडदे जणूं नसतातच; त्यांना मुख्यतः पाणी दिसतें.

कोणताहि मार्ग घेतला तरी उष्णतामानाची नोंद ठेवणें भागच आहे. क्षारयुक्त पाण्याची वीज वाहण्याची शक्ति एका अंशामागें शेंकडा सुमारें दोन इतकी वाढते. सकाळीं थंड कोठारांतून काढलेला आंबा आणि दुपारीं उन्हांतून आलेला आंबा यांच्यांत वीस अंशांचा फरक असला, तर केवळ त्यामुळें आंकडा शेंकडा चाळीसांच्या आसपास सरकेल. ही दुरुस्ती केली नाहीं, तर यंत्र थंड आंब्यास ताजा आणि उन्हांतल्यास नासका ठरवून मोकळें होईल.

येथें आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फळ पिकणें, कुजणें आणि साका होणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पिकतांना पेशींचे पडदे आपोआप सैल होऊं लागतात; तेव्हां उत्तम पिकलेला आंबा विजेच्या दृष्टीनें कच्च्यापासून दूर आणि कुजक्याच्या थोडा जवळ गेलेला असतो. कुजतांना किंवा चेंचतांना पडदे फुटतात आणि रोध झपाट्यानें उतरतो. साक्यामध्यें मात्र गरांत हवेच्या पोकळ्या पडतात. हवेचें माप एकच असल्यानें त्या जागीं सांठवणशक्ति कमी व्हावयास पाहिजे. म्हणजे एका दोषांत कांटा एकीकडे झुकतो, तर दुसऱ्या दोषांत दुसरीकडे. शिवाय साका सगळ्या फळांत नसून एका भागांत असतो. सबंध फळाचा एकच आंकडा काढला तर लिंबाएवढा साका भोंवतालच्या चांगल्या गरांत बुडून जातो. म्हणून फळ फिरवीत फिरवीत त्याच्या निरनिराळ्या बाजूंचीं मापें घेणेंच श्रेयस्कर. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं हापुसांतील साका क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दिसतो, असें १९९३ सालीं प्रसिद्ध केलें आहे. क्ष-किरणांना पोकळी दिसते, विजेला पडदे दिसतात. हे दोन साक्षीदार एकमेकांचे वैरी नसून पूरक आहेत.

विजेकडून भलत्या अपेक्षा केल्यास निराशा होते, याचेंहि उदाहरण आहे. अमेरिकेंतील स्ट्यूअर्ट नेल्सन यांनीं धान्य व फळें यांच्या विद्युद्गुणांचा अनेक दशकें अभ्यास केला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हनीड्यू जातीच्या खरबुजांची एक कोटीपासून एकशें ऐशीं कोटी आंदोलनांपर्यंत परीक्षा केली, आणि निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध केले. हेतु असा होता, कीं खरबूज न कापतां गोड आहे कीं नाहीं तें सांगतां यावें. विद्युद्गुण उत्तम मोजले गेले. परंतु त्यांवरून गोडीचें जें अनुमान निघालें तें अपेक्षेइतकें पक्कें ठरलें नाहीं. साखर ही पाण्यांत विरघळली तरी मिठाप्रमाणें वीज वाहून नेत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

म्हणून अशा यंत्राची परीक्षा कशी घ्यावी, हें त्याच्या रचनेइतकेंच महत्त्वाचें आहे. प्रथम पुष्कळ फळें यंत्रांतून घालवावीं, प्रत्येकाचा आंकडा लिहून ठेवावा, आणि मग प्रत्येक फळ कापून आंत काय आहे तें त्या आंकड्यापुढें नोंदावें. यावरून नियम बसवावा. परंतु ज्या फळांवरून नियम बसविला, त्याच फळांवर तो तपासून पाहणें म्हणजे विद्यार्थ्यास आदल्या दिवशीं सोडवून दिलेलींच गणितें परीक्षेंत घालण्यासारखें आहे. खरी परीक्षा दुसऱ्या बागेच्या, दुसऱ्या हंगामाच्या फळांवर झाली पाहिजे. यंत्राच्या जाहिरातींत दिलेला यशाचा आंकडा वाचतांना सुज्ञ ग्राहकानें एवढेंच विचारावें, कीं ही फळें यंत्राच्या ओळखीचीं होतीं कीं अनोळखी?

इतकें करूनहि यंत्र कधींमधीं चुकणारच. आणि चुकण्याचे प्रकार दोन आहेत. समजा, शंभर आंब्यांपैकीं दहांत साका आहे, आणि यंत्र दर दहांपैकीं नऊ वेळां बरोबर सांगतें. साक्याचे नऊ आंबे तें पकडील आणि एक सोडील. उरलेल्या नव्वद चांगल्या आंब्यांपैकींहि तें दहांत एक या मानानें नऊ आंबे चुकून नासके ठरवील. बाजूस काढलेल्या ढिगांत एकूण अठरा आंबे झाले, आणि त्यांतले बरोबर निम्मे अगदीं उत्तम आहेत! शेंकडा नव्वद यश ऐकावयास मोठें वाटतें. ज्याचे नऊ चांगले आंबे गेले त्या बागाईतदारास तें तसें वाटेलच, असें नाहीं. यंत्राची कसोटी सैल केली तर चांगले आंबे वांचतील, पण साक्याचे अधिक आंबे पेटींत जातील; कडक केली तर गिऱ्हाईक निश्चिंत होईल, पण बागाईतदार बुडेल. कसोटी कोठें ठेवावी हें वीज सांगूं शकत नाहीं. तें माणसांनींच, ज्याचें नुकसान होणार त्यास विचारून, ठरविलें पाहिजे. खरेदी करणारा व्यापारीच यंत्राचा मालक असेल, तर यंत्राच्या नांवाखालीं चांगला मालहि कमी भावानें पाडून मागण्याचा मोह त्यास होईल.

यावर एक तोडगा मात्र सुचतो, आणि तो सोपा आहे. यंत्रानें बाजूस काढलेलें फळ फेंकून न देतां तें विळीकडे पाठवावें. आमरस, आंबापोळी, डबाबंद गर यांसाठीं आंबा कापावाच लागतो. तेथें कापतांच खरेंखोटें कळतें. चांगलें निघालें तें उपयोगांत येतें, वाईट निघालें तें टाकलें जातें, आणि यंत्र कोठें चुकलें याची रोजची नोंदहि विनासायास मिळते. सबंध पेटीच्या भावाइतकें मोल त्या फळास मिळणार नाहीं. पण निर्दोष असून दोषी ठरल्याची शिक्षा तरी हलकी होईल.

दोष ओळखणें निराळें आणि दोष होऊं न देणें निराळें. साक्याचा उगम शोधण्याचें काम बागांतून आणि प्रयोगशाळांतून चाललें आहे. तापलेल्या जमिनीची धग फळास लागणें हें एक कारण मानलें जातें, आणि झाडाखालीं गवताचें आच्छादन केल्यानें साक्याचें प्रमाण उतरतें, असा अनुभव आहे. बंगळूर येथील भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं असें दाखविलें, कीं फळ झाडावर असतांनाच कोयीत अंकुरण्याची पूर्वतयारी सुरू होण्याशीं साक्याचा संबंध आहे. कोंकण कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरापासून तयार केलेली ‘रत्ना’ ही जात १९८१ सालीं प्रसारित झाली. तिच्यांत साका होत नाहीं. विजेचें यंत्र यांपैकीं कोणाचीहि जागा घेऊं शकणार नाहीं. तें वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखें आहे. नाडी पाहून ज्वर कळतो, उतरत नाहीं.

तथापि कळणें यालाहि किंमत आहे. कोणत्या बागेच्या, कोणत्या उताराच्या, कोणत्या तोडीच्या फळांत साका अधिक निघाला, याची नोंद फळें न कापतां होऊं लागली, तर बागाईतदारास आपली चूक कोठें होते तें हंगाम संपण्यापूर्वीं समजेल. आज ही बातमी त्याच्याकडे पोंचते ती गिऱ्हाइकाच्या विळीवरून, दुकानदाराच्या तक्रारीवरून आणि अडत्याच्या हिशेबांतील कपातीवरून, म्हणजे बहुधा पुढचा मोहोर येण्याच्या सुमारास. तीच बातमी फळ तोडल्याच्या दिवशीं त्याच्या हातीं पडली, तर दुसऱ्या दिवशींची तोड तो वेगळ्या रीतीनें करूं शकेल.